कुजबुजरावांचा अंगठा

माझ्या बायकोचे थोरले भाऊ एक्केचाळीस वर्षं नाटकात होते आणि या एक्केचाळीस वर्षांत प्रेक्षकांनी त्यांना एकदाही पाहिलं नाही. ते आमच्या कंपनीचे प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत, पडद्याच्या दोरीपासून दोन हातांवर, एक बसकं स्टूल ही त्यांची जागा. मांडीवर नाटकाची वही, डोक्यावर मिणमिणता दिवा, आणि उजेड रंगमंचावर सांडू नये म्हणून दिव्याभोवती काळ्या कागदाची टोपी. आमच्यापैकी कुणी वाक्य विसरला की ते तिथून निघायचं आणि थेट विसरणाऱ्याच्या कानात जाऊन बसायचं. पहिल्या रांगेतल्या माणसाला त्याचा वाराही लागत नसे. कंपनीत त्यांना सगळे कुजबुजराव म्हणत. खरं नाव आता फक्त दवाखान्याच्या कागदांवर उरलंय.

लोकांना वाटतं, प्रॉम्प्टर म्हणजे पुस्तक वाचणारा माणूस. तसं नाही. नट बोलता बोलता थांबला की त्याची दोन कारणं असतात. एक तर तो विसरलेला असतो, नाहीतर अभिनय करत असतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. विसरलेल्याला वाक्य दिलं नाही तर प्रयोग पडतो, आणि अभिनय करणाऱ्याला दिलं तर मध्यंतरात शिव्या पडतात. कुजबुजरावांना हा फरक श्वासावरून कळायचा. "भावोजी, विसरलेला माणूस श्वास वर ओढतो," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, "आणि मुद्दाम थांबलेला खाली सोडतो."

या 'भावोजी'चीही एक गंमत आहे. आम्ही दोघं एकाच वर्षी कंपनीत आलो. ते मला 'गाढवा' म्हणायचे आणि मी त्यांना त्याहून वाईट काहीतरी. मग मी त्यांच्या बहिणीशी लग्न केलं. लग्नाच्या आदल्या दिवशीच्या तालमीपर्यंत मी गाढव होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी 'भावोजी, तुम्ही चहा घेतलात का?' सुरू झालं. मीही मग 'तुम्ही' म्हणू लागलो. त्यांच्या चेहऱ्यावरून मात्र पुष्कळदा वाटे, की गाढव गेलेलं नाही, नुसतं मनात बांधून ठेवलंय.

एकदा तिसऱ्या अंकात मी घोटाळा केला. पत्राचा प्रसंग संपायच्या आधीच मी त्याच्या पुढच्या प्रसंगातलं वाक्य ठोकून दिलं. दोन पानं एकदम उलटावीत तसं. समोरच्या नटीचे डोळे पांढरे झाले. मला वाटलं, आता कुजबुजराव माझी कानउघाडणी करतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नटीला हळूच एक वाक्य दिलं, 'ते राहू दे, आधी पत्राचं सांगा.' हे वाक्य वहीत नव्हतं. तिनं ते म्हटलं, मी मुकाट्यानं मागं आलो, आणि गाळलेली दोन पानं पुन्हा आपल्या जागी बसली. लेखक पहिल्या रांगेत होता. प्रयोगानंतर तो म्हणाला, 'हे वाक्य मी लिहिल्याचं आठवत नाही, पण बरं लिहिलंय.'

आणि त्यांचा अंगठा. डाव्या हाताचा. वही डाव्या कोपराच्या कुशीत आडवी, आणि अंगठा पानाच्या डाव्या कडेवर. नट एक ओळ बोलला की अंगठा एक ओळ खाली. पान संपलं की अंगठा उचलून पुन्हा वर. त्यांच्या सगळ्या वह्यांच्या डाव्या कडा झिजून पावाच्या कुरतडलेल्या तुकड्यासारख्या झाल्या होत्या. रंगमंचावरून मला विंगेत त्यांचा चेहरा दिसत नसे, काळ्या टोपीखालच्या उजेडात फक्त तो अंगठा दिसे. तो सरकत असला की मला वाटे, सगळं ठीक आहे.

आवाज मात्र त्यांना कधी मोठा करता आला नाही. एकदा केला होता. एका नटाला कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून कुजबुजरावांनी वाक्य जरा जोरात दिलं. लगेच वरच्या सज्जातून कुणीतरी ओरडलं, "अहो विंगेतले, तुम्हीच करा की नाटक, तुम्हाला पाठ आहे!" सगळं थिएटर हसलं. त्या दिवसापासून त्यांचा आवाज आणखी दोन पायऱ्या खाली उतरला, तो घरातसुद्धा. कंपनी बंद पडल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, मागच्या खोलीत, त्याला आता नऊ वर्षं झाली. चहा मागायचा तर कुजबुजत. उकळतं पाणी पायावर सांडलं तेव्हा 'आई गं' म्हणाले तेही कुजबुजत.

"दादा," माझी बायको म्हणायची, "इथं प्रेक्षक नाहीत रे. ओरड एकदा."

"कशाला, चिमणे? ऐकू येतंय ना तुला?"

सत्तर वर्षांच्या बाईला ते अजून चिमणी म्हणतात.

मग मागच्या वर्षी या चिमणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस वाचायचं नाही, दिव्याकडे बघायचं नाही. वाचल्याशिवाय तिला जेवण पचत नाही. मी तिला वाचून दाखवायला बसलो तर पाचव्या मिनिटाला म्हणाली, "अहो, बातमी वाचताय की राज्य गमावताय? राहू द्या." मग दादाला बसवलं. खोलीत ते दोघंच. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो आणि हातात भांडं घेऊन तिथंच उभा राहिलो. मागच्या खोलीतून एक आवाज येत होता. मोठा नव्हता. पण भिंतीला टेकून, दारातून वळून, सरळ माझ्यापर्यंत येत होता. एक्केचाळीस वर्षं ज्या माणसानं मला वाक्यं दिली, त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

डोळे बरे झाल्यावर बायकोनं शोध घेतला. अंधांसाठी एक वाचनालय आहे. त्यांना वाचक हवे असतात. घरी बसून लॅपटॉपवरून वाचायचं, पलीकडे एखादा विद्यार्थी ऐकतो, विचारतो, परत वाचा म्हणतो. त्यासाठी आधी चाचणी. एका ठरलेल्या दिवशी चार वाजता, वाचनालयाच्या मुख्य बाईंसमोर, पंधरा मिनिटं. त्या बाई स्वतः पाहू शकत नाहीत, ऐकून निवडतात. कुजबुजरावांचा नंबर यादीत शेवटचा होता. त्यानंतर यादी बंद आणि पुढची निवड वर्षानं.

"वर्षानं देऊ की," मी म्हणालो होतो.

"भावोजी," ते म्हणाले, "मी शहात्तर वर्षांचा आहे. वर्षानं मी असेन, पण आवाज असेल का?"

एवढं मोठं वाक्य ते सहसा बोलत नाहीत.

लॅपटॉप आमच्या मुलीनं दिलेला. तिचा जुना. ती नर्स आहे, दुसऱ्या शहरात असते. तिनं फोनवरून मामाला सगळं शिकवलं होतं, आणि आमचे मामाही शहाण्या मुलासारखे एका कागदावर लिहून ठेवत होते. रोज लॅपटॉप टेबलावर ठेवून ते तिच्याशी बोलत, कधी काही बिघडलं नाही. वाचनाचा सराव चाले तो छापील पुस्तकावर.

चाचणीच्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी पहिल्यांदाच लॅपटॉप मांडीवर घेऊन सराव केला, कारण वाचायचा धडा वाचनालयानं लॅपटॉपवरच पाठवला होता. मधमाश्यांवरचा धडा. मी जाता येता ऐकत होतो. राणीमाशी, कामकरी माश्या, मेणाच्या षट्कोनी खोल्या. फार सुरेख चाललं होतं.

अडीच वाजता ते दाराशी आले.

"भावोजी, इंटरनेट नाही म्हणतोय."

"कोण म्हणतोय?"

"लॅपटॉप."

गेलो. खरंच. कोपऱ्यातल्या त्या लहान पंख्यासारख्या खुणेवर लाल फुली. धडा आधीच उघडलेला असल्यामुळे त्यांना कळलंच नव्हतं, फुली कधीपासून होती कुणास ठाऊक. चाचणीची लिंक दाबली की पांढरं पान यायचं.

मी बाह्या वर केल्या. वाय-फायचा डबा बैठकीत शोकेसवर असतो. तो बंद केला, चालू केला. शोकेसवरून उचलून कपाटावर ठेवला, उंचावरून फेक चांगली होईल म्हणून. लॅपटॉप घेऊन घरभर फिरलो, बैठकीत, स्वयंपाकघरात, न्हाणीघराच्या दारात. मग लॅपटॉप बंद करून चालू केला. फुली ढिम्म.

"अहो, माझा मोबाइल चालतोय," बायको म्हणाली. "याच वाय-फायवर. म्हणजे डबा ठीक आहे."

"मोबाइलचं काय सांगतेस? तो लहान आहे, त्याला थोडं पुरतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ही नजर मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. हिच्यापुढे मी अजून कधी संवाद पूर्ण केलेला नाही.

मोबाइलवरूनच चाचणी द्यावी म्हटलं, तर वाचनालयाचं ते वाचनाचं पान मोबाइलवर उघडतच नाही. मुलीला फोन लावला. बंद. ती ऑपरेशनला आत असली की फोन कपाटात, आणि पाचशिवाय बाहेर येत नाही. समोरच्या घराला कुलूप. वरच्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं, ते आम्हालाच विचारायला येतात.

तीन वाजून पाच मिनिटं. राहिली इंटरनेट कंपनीची मदतीची लाइन. फोन स्पीकरवर ठेवून आम्ही तिघं मागच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसलो आणि वाट बघायचं संगीत ऐकू लागलो. तेच चार सूर, परत परत. कुजबुजराव हाताची घडी घालून बसले होते. त्यांनी चाचणीसाठी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी म्हणालो, "त्या बाई काही तुम्हाला पाहणार नाहीत." ते म्हणाले, "विंगेतही मी इस्त्रीचाच घालत होतो."

तीन सव्वीसला सूर थांबले.

"नबस्कार, आपली काय बदत करू शकते?"

बाईंना सणसणीत सर्दी झाली होती. मी फोनकडे झुकलो आणि सुरुवात केली, "बाई, गोष्ट अशी, की आज चार वाजता..."

"लॅपटॉपला वाय-फाय लागत नाही," बायकोनं मला कोपरानं बाजूला सारलं. "मोबाइलला लागतंय. डबा बंद करून चालू केलाय, लॅपटॉपही केलाय."

"धन्यवाद बॅडम. तरी मी विचारते हं, आम्हाला क्रमानं विचारावं लागतं. डब्यावर किती दिवे लागलेत?"

मी बैठकीत धावलो. "चार! हिरवे!"

"सगळे स्थिर आहेत का?"

"माझ्यापेक्षा!"

"अहो," बायको म्हणाली.

"आता लॅपटॉपवर खाली उजवीकडे वाय-फायच्या खुणेवर क्लिक करा. एक यादी येईल. त्यात तुमच्या वाय-फायचं नाव दिसतंय का?"

बायकोनं चष्मा लावला. "नाही."

"दुसऱ्या कुणाची नावं? शेजाऱ्यांची वगैरे?"

"एकही नाही. यादी रिकामी आहे."

"बरं आता त्या नावावर उजवं क्लिक करा आणि 'हे नेटवर्क विसरा' असं निवडा."

मी मान पुढे करून नाव शोधू लागलो. कुठल्या नावावर? तीन अडतीस झाले होते. बाई पुढे सांगतच होत्या, "ते झालं की नवीन पासवर्ड टाका, आणि तरी झालं नाही तर मशीन दुरुस्तीच्या दुकानात दाखवावं लागेल. आणखी काही बदत?"

दुरुस्तीचं दुकान. बायकोनं चष्मा काढला.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या कुजबुजरावांनी एक बोट वर केलं. ते बोट मी ओळखलं. तालमीत कुणी वाक्य गाळलं की असंच वर व्हायचं.

"बाई," ते म्हणाले, "दोन पानं एकदम उलटली गेली."

"हॅलो? कुणी बोललं का?"

"दादा, मोठ्यानं!"

कुजबुजराव माझ्याकडे बघू लागले. मी काय देणार? माझ्याजवळ वाक्य नव्हतं. त्यांनी घसा साफ केला, फोन उचलून तोंडाजवळ धरला आणि तो आवाज आला, भिंतीपलीकडून मी ऐकलेला.

"बाई, तुम्ही समोरचं वाचून सांगताय ना?"

"हो... म्हणजे सर, आम्हाला स्क्रीनवर पायऱ्या दिलेल्या असतात."

"मधलं काहीतरी गळलंय. यादीत नाव नाही, असं आम्ही म्हणालो. तर पुढचं वाक्य 'त्या नावावर' असं येणारच नाही. ते नाव दिसणाऱ्यासाठी आहे. नाव न दिसणाऱ्यासाठी वेगळं पान असेल. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि श्वास न घेता पुढे गेलात. पान बदलताना माणूस श्वास घेतो."

पलीकडून एक शिंक.

"सर, सकाळपासून हेच वाचतेय. डोकं इतकं जड झालंय ना..."

"होतं तसं. दिवसाच्या दुसऱ्या प्रयोगाला हमखास होतं. घाई नाही. 'यादी रिकामी असेल तर' असं कुठं आहे का बघा."

घाई नाही! तीन एक्केचाळीस झाले होते. मी त्यांच्या पाठीमागे हातवारे करत होतो, आणि ते फोन तोंडाशी धरून अगदी शांत, काळ्या टोपीच्या दिव्याखाली बसल्यासारखे. पलीकडून कटकट कटकट असा माउसच्या चाकाचा आवाज येत होता.

"अय्या, आहे की सर! 'यादी रिकामी असेल तर लॅपटॉपचं वायरलेसचं बटण बंद आहे का पाहा.' काही जुन्या लॅपटॉपना कडेला एक सरकतं बटण असतं. अगदी बारीक. शेजारी दिवा. निळा असला तर चालू, नारिंगी असला तर बंद."

आम्ही तिघं एकदमच वाकलो आणि माझं डोकं बायकोच्या डोक्यावर आपटलं. लॅपटॉपच्या डाव्या कडेला, अगदी पुढच्या बाजूला, नखाएवढं एक बटण होतं. शेजारी मोहरीएवढा दिवा. नारिंगी. हा दिवा मी घरभर मिरवून आणला होता, चार्जिंगचा असेल म्हणून.

बायकोनं नखानं बटण सरकवलं. दिवा निळा झाला. रिकामी यादी भराभरा भरली, वरच्या मजल्याचं नाव, समोरच्यांचं, कुणातरी अनोळखी माणसाचं, आणि सगळ्यांच्या वर आमचं. फुली गेली. बायको मागे पलंगावर टेकली आणि पदरानं गळा पुसत राहिली. मी टाळी वाजवणार होतो, पण दोन्ही हात तिच्या खांद्यावर होते.

"लागलं, बाई," कुजबुजराव फोनमध्ये म्हणाले. "फार चांगलं वाचलंत. संध्याकाळी गरम पाण्याची वाफ घ्या."

"थँक यू सर. सर, एक विचारू? तुम्हीपण कॉल सेंटरला होता का?"

"जवळपास," ते म्हणाले.

तीन सेहेचाळीस. आता इथं पडदा पडायला हरकत नव्हती. पण कुजबुजराव खुर्चीत बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला, वहीसारखा डाव्या कोपरात आडवा, आणि म्हणाले, "एकदा पहिलं पान म्हणून घेतो." मी समोर पलंगावर सुटकेचा श्वास टाकून बसलो. खाली सोडलेला. राणीमाशी, कामकरी माश्या, षट्कोनी खोल्या.

पान संपलं आणि बायको म्हणाली, "अहो, फुली!"

परत लाल फुली. परत नारिंगी दिवा. तिनं बटण सरकवलं, निळा. ते वाचू लागले. मी या वेळी ऐकत नव्हतो, बघत होतो. आणि मला तो दिसला. अंगठा. लॅपटॉपच्या डाव्या कडेवर, ओळीमागून ओळ, खाली, खाली, खाली. पानाच्या शेवटच्या ओळींपर्यंत तो कडेच्या टोकाला आला, बटणावर चढला आणि त्याला सोबत घेऊन खाली उतरला. निळा दिवा नारिंगी झाला. पान संपलं, अंगठा उचलून वर गेला. बटण तिथंच राहिलं.

"कुजबुजराव," मी म्हणालो, "तुमचा अंगठा."

त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं. एक्केचाळीस वर्षांत त्यांच्या अंगठ्याकडून प्रयोगात एक चूक झाली नव्हती. आता झाली तीही इतकी पद्धतशीर.

"टेबलावर ठेव, दादा," बायको म्हणाली. ठेवला. हात मांडीवर ठेवून त्यांनी वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीवर अडखळले. तिसरी ओळ सोडून चौथी वाचली, परत दुसरीवर आले. आणि आवाज खाली जाऊ लागला, विंगेतल्या आवाजाकडे.

"नाही जमत, चिमणे," ते कुजबुजले. "अंगठा नसला की मी कुठं आहे तेच कळत नाही."

तीन पंचावन्न. बायको चिकटपट्टी शोधायला धावली. बटणावर पट्टी लावली की काम झालं, इतकं सोपं होतं. पण चिकटपट्टी ही वस्तू आमच्या घरात कधीही लागणार नाही तेव्हाच सापडते. एक खण, दुसरा खण, दोऱ्यांची रिळं, जुन्या किल्ल्या, माझ्या एका खोट्या मिशीचा डबा. "सापडली!" ती ओरडली. नुसता पुठ्ठ्याचा गोल होता, पट्टी संपलेली.

तीन अठ्ठावन्न.

"लॅपटॉप मांडीवर घ्या," मी म्हणालो.

"पण भावोजी, ते परत..."

"घ्या हो."

मी त्यांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसलो. माझे गुडघे आता बसताना दोनदा विचारतात, त्यांना उत्तर द्यायला वेळ नव्हता. बटण सरकवून दिवा निळा केला आणि उजव्या हाताची तर्जनी मी बटणावर ठेवली, घट्ट. "आता वाचा. अंगठा माझ्या बोटावरून जाऊ द्या."

चार वाजले. लिंक दाबली आणि वाचनालयाच्या बाई पडद्यावर आल्या. साठीच्या असतील, केस मागे घट्ट बांधलेले, मान थोडी एका बाजूला कललेली. "नमस्कार. तयार आहात? करा सुरुवात."

कुजबुजरावांनी श्वास घेतला. मी खाली बसून त्यांच्याकडे बघत होतो. आयुष्यभर ते मला जिथून बघत आले, साधारण तेवढ्याच उंचीवरून. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं आणि अंगठा चालू लागला. पानाच्या शेवटी तो माझ्या नखावर चढला, बोटाच्या पेरावर क्षणभर टेकला आणि पलीकडे उतरला. दिवा निळाच. अंगठा वर गेला. दुसरं पान.

पंधरा मिनिटं मी त्या आवाजाखाली बसलो. पहिल्या पानावर थोडा थरथरत होता. दुसऱ्यावर सावरला. चौथ्या पानावर राणीमाशी पोळं सोडून निघते, तिथं ते थांबले. चांगले दोन क्षण थांबले. बायकोनं दारातून माझ्याकडे घाबरून पाहिलं, विसरले की काय? मी बोट हलवू शकत नव्हतो, म्हणून मानेनंच 'नाही' म्हटलं. मी ऐकलं होतं. श्वास खाली गेला होता.

धडा संपला. बाईंची मान तशीच कललेली. माझ्या बोटाला मुंग्या येऊन त्या कोपरापर्यंत चढल्या होत्या.

"आधी कुठं वाचत होता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"नाटकात होतो, बाई. पण लोकांसाठी नाही. विसरणाऱ्यांसाठी."

"अच्छा." त्या हसल्या. "राणीमाशी निघाली तिथं तुम्ही थांबलात. आज अकरा जणांनी हा धडा वाचला, तिथं कुणी थांबलं नाही. सोमवारपासून दुपारी तीनची वेळ जमेल? एक विद्यार्थिनी आहे, तिला इतिहास हवाय. ती फार प्रश्न विचारते हं."

"विचारू दे," कुजबुजराव म्हणाले. "विचारू दे की."

बायको दारातच रडू लागली आणि रडता रडता मला खुणेनं सांगू लागली, 'अहो, उठा आता.' मी कसला उठतोय. बाई अजून पडद्यावर होत्या, ब्रेलच्या कागदावरून बोटं फिरवत होत्या, आणि मला वाटत होतं की मी बोट उचललं तर सगळंच जाईल, बाई जातील, सोमवार जाईल. मी बटण आणखी घट्ट दाबून धरलं.

कुजबुजरावांनी खाली पाहिलं. आधी माझ्या बोटाकडे, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा असा सैल झालेला मी कधी पाहिला नव्हता. आणि त्या माणसानं, ज्यानं उकळतं पाणी पायावर सांडलं तरी आवाज चढवला नव्हता, मोकळ्या गळ्यानं, खणखणीत, वरच्या मजल्यापर्यंत जाईल असं म्हटलं,

"अरे गाढवा, सोड की आता ते बटण! काम झालं!"

मग त्यांच्या लक्षात आलं. ते कानापर्यंत लाल झाले आणि हळूच पडद्याकडे वळले.

"हेही स्पष्ट ऐकू आलं," बाई म्हणाल्या.